ट्रंपेटवाल्या म्हाताऱ्याचे दात

माझ्या बाबांचे वरचे समोरचे दोन दात एका नवरदेवाच्या मामानं पाडले. मुद्दाम नाही हो, नाचता नाचता. मे महिन्यातली वरात, मानोऱ्याकडचं गाव, आणि मामा असा रंगात आलेला की पुढं बँड आहे की बैलजोडी याचं त्याला भान नव्हतं. बाबा पुढं चालत ट्रंपेट वाजवत होते. मामानं गिरकी घेतली, कोपर ट्रंपेटच्या कर्ण्यावर आदळलं आणि माउथपीस सरळ बाबांच्या दातांवर बसलं. बाबांनी रक्त थुंकलं, ट्रंपेट काखेत मारलं आणि हाताच्या इशाऱ्यानं बाकीच्यांना वाजवत ठेवलं. वरात थांबली नाही. आमच्या धंद्यात वरात थांबत नाही.

आमच्या कारंजा गावात बाबांना सगळे मास्तर म्हणत. शाळेचे नव्हे, बँडचे. अकरा माणसांचा बँड होता, बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली होती, आणि त्या खोलीत वाद्यं, लाल कोट अन वरातीत दिवे लावायची हातगाडी. लग्नाच्या दिवसांत अकराही जण वाजवायचे, बाकी वर्षभर कोणी हमाली करे, कोणी शेतात जाई. बाबांना मात्र दुसरं काही नीट येत नव्हतं, आणि त्यांना ते यायला नकोच होतं.

ट्रंपेट नुसतं फुंकून वाजत नाही, हे मला बोलता यायच्या आधीपासून माहीत होतं. ओठ दाबून धरून थरथरवावे लागतात, आणि त्या ओठांना मागून आधार असतो तो दातांचा. जखम भरल्यावर बाबांनी ट्रंपेट तोंडाला लावलं तर नुसतं फुस्स. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून निघते तशी हवा. पुन्हा लावलं, पुन्हा फुस्स. अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरनं सांगितलं की बनवलेले दात भाकरी खायला चालतील, बाजा फुंकायला चालणार नाहीत. ढोलवाला काका बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "काय मास्तर, यंदा तिथ्या भरपूर हायेत. चणे आले अन दात गेले!" बाबा हसले नाहीत.

उरलेल्या मे महिन्यात क्लॅरनेटवाल्यानं पुढं राहून सांभाळून घेतलं. पुढं पावसाळा लागला, लग्नं बंद. सगळ्यांना ठाऊक होतं की तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा वराती सुरू होणार, आणि तोवर बाबांना वाजवता आलं नाही तर क्लॅरनेटवाला मास्तर होईल. बाबांच्या हाती मग खुळखुळा यायचा. आमच्याकडं खुळखुळा त्याच्या हाती देतात ज्याला बाकी काही जमत नाही. बाबा मायला म्हणाले, "खुळखुळा हलवण्यापेक्षा मी घरी बसीन." माय म्हणाली, "बसा ना मंग. मले तरी कोणी गोष्टी करायले भेटन." पण ती चुलीकडं तोंड करून डोळे पुसत होती, ते मी पाहिलं.

श्रावणात एक जण दरसाल यायचा, बाजे दुरुस्त करायला. उत्तरेकडचा माणूस, खांद्यावर झोळी, झोळीत हातोड्या अन डाग द्यायचं सामान. बाबांचं तोंड पाहून त्यानं विचारलं, बाबांनी सांगितलं. तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "अरे मास्टर, दो दाँत का क्या रोना? उनके तो मुँह में एक दाँत नहीं, फिर भी बजाते हैं!"

उनके म्हणजे एका मोठ्या, नावाजलेल्या बँडच्या म्हाताऱ्या ट्रंपेटवाल्याच्या. त्या बँडचं नाव मी इथं घेत नाही. आमच्या धंद्यातला माणूस ते नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. रेडिओवर तो बँड लागला की बाबा जेवता जेवता उठत, ट्रान्झिस्टर कानाशी धरत आणि डोळे मिटून बसत. आमच्या बँडमधल्या कोणालाच लिहिलेलं संगीत वाचता येत नव्हतं. जे काही आलं ते कानानं आलं, आणि ऐकायचं तर डोळे मिटायचे ही सगळ्यांचीच सवय. त्या म्हाताऱ्याचं ट्रंपेट बाबांनी हजारदा ऐकलं असेल. पाहिलं कधीच नव्हतं. रेडिओवर तोंड दिसत नाही ना!

आणि भाद्रपदात पेपरात आलं की तो बँड येत्या रविवारी दुपारी चार वाजता टीव्हीवर वाजवणार आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, बाबांना तर अख्खा ओंडका सापडला. दात नसताना तो म्हातारा माउथपीस कुठं लावतो, मधात की बाजूला, ओठ कसे धरतो, एवढं एकदा डोळ्यांनी पाहिलं की झालं. "मंग मी जमवून घेतो," ते म्हणाले. "फक्त पाह्यले भेटलं पाह्यजे."

टीव्ही आमच्या ओळखीत एकाच घरी होता, धान्याच्या व्यापाऱ्याच्या. जैनाचं घर, त्यांच्या पालखीला दरवर्षी आमचाच बँड असे. बाबा मला घेऊन गेले. ओसरीवर व्यापाऱ्याची आई माळ घेऊन बसली होती. टीव्हीवर पांढरं फडकं टाकलेलं. बाबांनी कपाळावर हात मारला. दशलक्षणाचं पर्व सुरू होतं आणि त्या दहा दिवसांत त्या घरात टीव्ही लावायचा नाही असा नियम होता. आमच्या ध्यानातच नव्हतं.

"नियम म्हणजे नियम, मास्तर," आजी म्हणाली. "आमी काही टीव्ही लावणार नाही."

"हव, आजी," म्हणून बाबा वळले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"थांबा की! लावणार नाही म्हटलं, देणार नाही असं कुठी म्हटलं? घेऊन जा उचलून. माह्या मागची कटकट जाईन. हे पोट्टे दिवसातून दहा खेपा फडकं उचलून काच पाह्यतात. पर्व सरलं की आणून द्या."

बाबा तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. "पायबीय सोडा, माझी एक अट हाय. जोपर्यंत माह्या घरचा टीव्ही तुमच्या खोलीत हाय, तोपर्यंत त्या खोलीत दारू नाही अन मटण नाही."

अट ऐकून ढोलवाल्या काकाच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे टीव्ही पाह्यासाठी आता आपणच पर्व पाळाचं का बे?" पण पाळलं, सगळ्यांनी पाळलं. दिव्यांच्या हातगाडीवर गोधडी अंथरून टीव्ही ठेवला, दोघं पुढून, दोघं मागून, आणि बाजूनं अँटेना घेतलेला काका. नवरदेवालाही इतकं जपून आम्ही कधी नेलं नसेल.

रविवारी तीन वाजताच बाबांनी सगळ्यांना गणवेश चढवायला लावला. लाल कोट, सोनेरी झालरी, डोक्यावर तुऱ्याच्या टोप्या. त्या भाद्रपदातल्या उकाड्यात! माय म्हणाली, "टीव्हीतल्या लोकांले तुमी दिसून राह्यले का?" बाबा टोपी सरळ करत म्हणाले, "त्यांले नाई दिसत. पण आपण कोणाच्या समोर बसलो, हे आपल्याले त माहीत असते ना."

अकरा जण चटईवर ओळीनं बसले. मी नऊ वर्षांची, सगळ्यात लहान, म्हणून मला सगळ्यांच्या पुढं, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसवलं. बाबांनी माझी हनुवटी धरून सांगितलं, "तुले एकच काम. म्हातारा दिसला की त्याचं तोंड पाह्याचं. दुसरं काही नाई. माउथपीस कुठी लावते, ओठ कसे धरते. समजलं?" मी मान हलवली. इतकं मोठं काम मला आजवर कोणी दिलं नव्हतं.

चार वाजले आणि ते दिसले.

बाप्पा! किती माणसं होती! साठ असतील, सत्तर असतील. पांढरे कोट, पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेल्या खुर्च्या, आणि सगळे बसलेले. आधी सगळ्यांना धक्का बसला तो याचाच. "बसून वाजवून राह्यले!" क्लॅरनेटवाला ओरडला. आम्ही जन्मात कधी बसून वाजवलं नव्हतं. बँड म्हटलं की चालायचं, खड्ड्यातून, शेणातून, ट्रकला बाजू देत, मागून धक्के खात. आणि ही माणसं खुर्चीवर पाठ ताठ करून बसली होती, समोर कागद, आणि पुढं एक जण काडी घेऊन उभा. त्यानं काडी उचलली, सत्तर माणसांनी एकदम श्वास घेतला. तो श्वास मला ऐकू आला, खरं सांगते. नंतर जो आवाज उठला, त्यानं त्या लहानशा टीव्हीची काच थरथरली असं मला वाटलं. मागं वळून पाहायची हिंमत नव्हती, पण मागं कोणी खोकतही नव्हतं.

मग कॅमेरा समोरच्या लोकांवर गेला. हजारभर लोक, चांगल्या कपड्यांतले, आणि एकही नाचत नव्हता. कोणी शिट्टी मारत नव्हतं, कोणी नोटा ओवाळत नव्हतं, कोणी 'दुसरं लावा' म्हणून कोटाची बाही ओढत नव्हतं. सगळे नुसते बसले होते.

"हे काय करून राह्यले?" खुळखुळेवाल्यानं हळूच विचारलं.

"ऐकून राह्यले बे," ढोलवाला काका म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "नुसतं ऐकून राह्यले."

मला आजही त्या वाक्यानं गलबलून येतं. अकरा माणसं गणवेश घालून चटईवर बसली होती, आणि बँड ऐकायची गोष्ट असते हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसत होतं. एरवी सतत बडबड करणारे हेच लोक, त्या दिवशी जो तो आपापलं वाद्य शोधत होता. ढोलवाला ढोलाकडं पाहत होता, क्लॅरनेटवाला क्लॅरनेटकडं. त्यांची बोटं मांडीवर हलत होती.

आणि मग मधल्या ओळीतून म्हातारा उठला.

बुटका, टक्कल पडलेला, कोट जरासा ढगळ. बाकी सगळे थांबले. त्यानं ट्रंपेट उचललं आणि एकट्यानं सुरू केलं. संथ होतं, काय होतं ते मला सांगता येणार नाही. पण कॅमेरा त्याच्याकडं जाईल तर शपथ! एकदा फुलदाणी दाखवली. एकदा काडीवाल्याची पाठ दाखवली. एकदा पहिल्या ओळीत बसलेला कोणी जाडा पाहुणा दाखवला, तो बहुतेक झोपला होता. "अरे त्याले काहून दाखवता, म्हाताऱ्याले दाखवा ना!" काका टीव्हीवर खेकसला. वाजवणं संपत आलं होतं, म्हातारा वर वर चढत चालला होता, आणि मी गुडघ्यांवर उठून काचेला नाक लावायचीच बाकी होते.

तेव्हा तो आला. अख्खी काच भरून एकच चेहरा.

मी त्याचे डोळे पाहिले. ते ओले होते. गळ्याची शीर फुगली होती, कानशिलावरून घामाचा एक थेंब खाली येत होता आणि त्याला तो पुसायला हात मोकळा नव्हता. आणि तो सूर! इतका उंच, इतका बारीक, आणि तुटेल तुटेल म्हणता तुटतच नव्हता. मला एकदम वाटलं, अरे, हे तर बाबा करतात. रोज करतात, वरातीत, धुळीत, मागं लोक कुदत असताना. हेच करतात आणि मी आजपर्यंत कधी नीट ऐकलंच नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चेहरा गेला, पुन्हा फुलदाणी आली, टाळ्या पडल्या.

मी तोंड पाहिलंच नव्हतं.

मागं सगळे ओरडत होते, "मास्तर, दिसला! दिसला! पाह्यलं ना?"

मी वळले. बाबा टोपी मांडीवर घेऊन बसले होते आणि हळूहळू डोळे उघडत होते. चांगलं वाजायला लागलं तसे त्यांनी डोळे मिटले होते. जन्माची सवय! जे पाहायला एवढा खटाटोप केला, ते आलं तेव्हा गडी डोळे मिटून ऐकत बसलेला. बाकीच्यांनी चेहरा पाहिला होता, पण मागून, दुरून, आणि काळ्यापांढऱ्या काचेत तोंडाशी नुसता काळोख दिसला होता.

"पोरीनं पाह्यलं असन ना," क्लॅरनेटवाला म्हणाला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाबा पुढं सरकले. "कुठी लावलं होतं वं त्यानं?"

नऊ वर्षांच्या पोरीनं काय सांगावं, की मी रडत होते? बाबांचा चेहरा माझ्या तोंडासमोर होता, वरच्या दोन दातांच्या खिंडीसकट.

"डावीकडे," मी म्हणाले.

"मधात नाई?"

"नाई. डावीकडे. पार कोपऱ्यात."

"अन ओठ?"

"खालचा ओठ आत घेतला होता. मुडपून." एकदा थाप सुरू झाली की तिला पाय फुटतात. "अन गाल फुगले नव्हते."

"दात?"

"एकही नव्हता," मी म्हणाले.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "पाह्य! मी म्हटलं होतं ना, हे पोट्टी बरोबर पाह्यते." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पहाटे तळ्याच्या काठी जाऊन बसायला लागले, कारण घरी शेजारचे शिव्या देत. पाण्यावरून आवाज यायचा तो आधी नुसत्या हवेचा, मग म्हशीच्या रेडकासारखा. ओठाचा डावा कोपरा सुजला, भाकरीचा तुकडा दुधात भिजवून खावा लागे. ट्रंपेट तिरपं धरून मानेला कळा लागत. माय मला म्हणे, "काय वं, नक्की डावीकडेच होतं ना?" आणि मी मान हलवी. रोज रात्री ठरवायचे की उद्या खरं सांगायचं. रोज सकाळी ते सुजलेला ओठ घेऊन घरी येत आणि मला जवळ बसवून विचारत, "असाच मुडपला होता ना?" मी बोट लावून थोडा इकडं, थोडा तिकडं करून दाखवत असे. देवाची शपथ, मला काहीही कळत नव्हतं. मी बाबांचं तोंड बघून जे बरं दिसेल ते सांगत होते.

टीव्ही परत गेला, पर्व सरलं, दिवाळी आली. एक दिवस तळ्यावरून एक सूर आला, पुरा नव्हे, पण सूर. माय पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

तुळशीचं लग्न झाल्यावर पहिली वरात इंझोरीला होती. मी हट्ट करून सोबत गेले. बाबांनी माउथपीस डाव्या कोपऱ्यात लावलं. क्लॅरनेटवाला सांभाळून घ्यायच्या तयारीनं अगदी लागून उभा होता. बाबांनी पहिला सूर लावला. तो कापला, फाटला, आणि मग धरला गेला, आणि मग वर चढला. ते काही आधीसारखं वाजत नव्हतं. जरा घोगरं, जरा तिरपं वाजत होतं, पण वाजत होतं! क्लॅरनेटवाला दोन पावलं मागं सरला. ढोलवाला काका ढोल बडवत रडत होता आणि नवरदेवाकडचे त्याला विचारत होते की बावा, तुमचं कोणी गेलं का? नाचणारे नाचत होते, धूळ उडत होती, कोणीच ऐकत नव्हतं. मी ऐकत होते. रस्त्याच्या कडेनं चालत, एकही सूर न सोडता, इंझोरीच्या वेशीपासून मांडवापर्यंत. आणि थापाड्या पोरीची छाती अशी भरून आली होती की श्वास घ्यायला जागा नव्हती.

त्यानंतर बाबा चौदा वर्षं मास्तर राहिले. लोक विचारत, तोंडाच्या कोपऱ्यात कसं काय हो? तर ते त्या मोठ्या बँडचं नाव घेत, कानाला हात लावत, आणि म्हणत, "तो म्हातारा असाच वाजवते. आमच्या पोरीनं पाह्यलं." मी तिथून उठून जायची.

आता बाबा माझ्याकडंच असतात. दातांचा प्रश्न उरला नाही, सगळेच गेले. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मोबाइलवर जुनं काहीबाही पाहताना तोच कार्यक्रम समोर आला. तीच फुलदाणी, तोच जाडा पाहुणा. मी बोटानं पुढं सरकवत सरकवत त्या चेहऱ्यावर आणून थांबवलं, आणि जन्मात पहिल्यांदा तोंड पाहिलं. माउथपीस अगदी मधोमध. वाजवून झाल्यावर म्हातारा लोकांकडं पाहून हसतो, एवढंसंच, कॅमेरा हलायच्या आत. बत्तीसच्या बत्तीस दात, शुभ्र, ओळीनं.

मग उठले आणि मोबाइल घेऊन बाबांच्या खाटेजवळ बसले. म्हटलं, "बाबा, मी तेव्हा खोटं बोलली होती. मी तोंड पाह्यलंच नव्हतं. डावीकडे-बिवीकडे सगळं मनानं सांगतलं." आणि त्यांना तो चेहरा दाखवला.

बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. खूप वेळ पाहिलं. मी त्यांच्या हाताकडं पाहत होते, वर बघायची ताकद नव्हती.

"दात त पुरे हायेत लेकाचे," ते म्हणाले.

"हव."

"बरं झालं वं पोरी, तू पाह्यलं नाई. पाह्यलं असतं त खरं सांगतलं असतं, अन मी त्याच दिवशी बाजा सोडून देला असता."